पोरा, हे कुणी सांगितलं?



दरवर्षी कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुलेमुली गावोगाव मुक्कामाला येतात. अभ्यासक्रमात त्याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. गावात ती कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखली जातात. गेल्या खरिपात बोरीच्या शिवारात असाच एक कृषिदूत बोंडअळीसाठी दोन औषधे एकत्र करून फवारायला सांगत होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "पोरा, हे कुणी सांगितलं?" पोरगा म्हणाला, "काका, मोबाईलवर आलंय." म्हातारा म्हणाला, "मोबाईल माझ्या खिशातबी हाय. तो काही कापूस लावत नाही."

सगळे हसले. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. जहाल औषधांची मनमानी मिश्रणे हे त्याचे एक कारण होते. चुकीचा सल्ला कागदावर चूक राहतो. रानात गेला की माणूस मारतो.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. आम्हीही कृषी पदवीधर आहोत. आमच्या वेळी नोट्सच्या झेरॉक्स पाठ केल्या की पास होता येत असे. ही शिफारस कोणत्या जमिनीवरच्या, किती वर्षांच्या प्रयोगातून आली, हे आम्हाला कुणी विचारले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही. आज झेरॉक्सच्या जागी मोबाईल आला. आता तर यंत्राला प्रश्न टाकला की ते घडाघडा उत्तर लिहून देते. उत्तर चुकीचे असले तरी त्याचा ठसका कमी होत नाही.

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली उभे राहिले. अलीकडे तिथे जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून ड्रोन आणि यंत्रमानवाचे शिक्षणही सुरू झाले. चांगलेच झाले. पण ड्रोन उडवण्याआधी त्यात भरायचे औषध कोणी, कशाच्या आधारावर ठरवले, हे तपासता आले पाहिजे. संगणकाचे खरे शिक्षण तिथून सुरू होते. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. आपल्याच काळ्या रानावरचे, आपल्याच ज्वारी-कापसावरचे संशोधन तिथे आहे. ते शोधायचे कसे, वाचायचे कसे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला हाताला धरून शिकवले पाहिजे.

काही जण म्हणतील, मालाला भाव मिळेना, तिथे ही चैन कशाला? भावाची लढाई आम्ही सोडलेली नाही. पण २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला आणि सीसीआयला कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. ज्याला ती जमली नाही, त्याला खेड्यातला व्यापारी सांगेल तोच भाव. शिवाय खोट्या माहितीवर केलेला खर्च कोणताही हमीभाव भरून देत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली : गावात येणाऱ्या प्रत्येक कृषिदूताने, कृषिकन्येने मोबाईलवर फिरणारे दहा निरोप तपासून दाखवावेत आणि विद्यापीठाने त्याला गुण द्यावेत. औषधाचा निरोप असेल तर डब्याबरोबरचे पत्रक उघडून पाहावे, त्यात आपल्या पिकाचे नाव आहे का. अनुदानाचा असेल तर शासन निर्णयाचा सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

दुसरी : मुक्कामाच्या दिवसांत त्यांनी गावातल्या दहा घरांत एका तरी माणसाला, शक्यतो घरच्या लेकीला किंवा सुनेला, ई-पीक पाहणी आणि कापसाची नोंदणी स्वतःच्या हाताने करायला शिकवावे. करून देऊ नये, शिकवावे. करून दिले तर पुढच्या साली पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहणे आलेच.

तिसरी आपल्यासाठी. कुणीही सल्ला दिला, मग तो विद्यार्थी असो, दुकानदार असो की आम्ही असू, चार प्रश्न विचारायचे. कुणी सांगितले? केव्हाचे आहे? बागायतीसाठी की कोरडवाहूसाठी? आणि सांगणाऱ्याला यात काय मिळते?

ही पोरे आपलीच आहेत. कुणाच्या तरी बापाने कापूस विकून त्यांची फी भरली आहे. पुढच्या खेपेला ती आली की ओसरीवर बसवा, चहा पाजा, पिठलं-भाकरी खाऊ घाला. त्यांनी मोबाईल काढला की मात्र न लाजता विचारा, "पोरा, हे कुणी सांगितलं?" उत्तर आले नाही तर त्याला रागवू नका. दोघे मिळून शोधा.