मापाची पिशवी

गेल्या महिन्यात आम्हांस टांझानियाहून एक पत्र आले. लिहिणारी आमच्याच शाळेत शिकलेली, निपाणीजवळच्या खेड्यातली मुलगी. (आमच्या लेखी ती मुलगीच, तिची स्वतःची लेक आता महाविद्यालयात जाते.) आईने तंबाखूच्या वखारीत राबून हिला परिचारिका केले. बाळंतपणे करण्यात हिची हयात गेली. यंदा ती तीन महिन्यांसाठी तिकडच्या एका दवाखान्यात विनावेतन सेवा करावयास गेली आहे.

पहिले दिवस अवघड गेले. मराठी, कानडी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी जाणणारी ही बाई प्रसूतिगृहात मुकी झाली. पाणी आणून देणे, चादरी बदलणे, एवढेच काम वाट्याला आले, आणि त्याचा कमीपणा वाटला, असे ती प्रांजळपणे लिहिते. तिसऱ्या दिवशी दोन शब्द पक्के झाले. 'सुकूमा' म्हणजे जोर कर, आणि रक्ताला म्हणावयाचे 'दामू'. आमच्या गल्लीत दामू नावाचे दोन गृहस्थ आहेत. त्यांना हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

चौथ्या रात्री मूल जन्मताच तिथल्या दाईने बाळंतिणीखाली प्लास्टिकचे एक आवरण पसरले. त्याच्या टोकाला निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. वार पडली, तरी रक्त थांबेना. पिशवीतले रक्त ५०० मिलिलिटरच्या रेघेला टेकले, तशी कोणी कोणाला विचारीत बसले नाही. एकीने पोट चोळून गर्भाशय घट्ट केले, दुसरीने इंजेक्शन दिले, तिसरीने सलाईन लावले. पहाटे बाळंतीण चहा मागत होती. 'सर, ती दाई मला ही पिशवी कौतुकाने समजावून सांगत होती. ही आमच्या बेळगावची, हे तिला कोणत्या भाषेत सांगू?'

वाचकहो, ती खरे तेच लिहिते. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांसह जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतपणांचा अभ्यास केला. बाळंतपणे घरी अथवा उपकेंद्रात होत, आणि ती करीत खेड्यातल्या नर्सबाई. निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. या गोळीला ना सुई लागते, ना शीतपेटी. तिच्यामुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. पण रक्त किती गेले, हे मोजावयाचे कसे? त्यासाठी ही पिशवी सिद्ध झाली. बेळगावातच केलेल्या तुलनेत, नुसत्या डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा एकतृतीयांशाने कमी भरला. पुढे अशीच मापाची पिशवी आणि तत्काळ उपचार यांची जोड केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील रुग्णालयांत अजमावली गेली. गंभीर रक्तस्राव व त्यातून ओढवणारे अनर्थ ६० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

आम्ही नऊ वर्षांचे असताना आमची थोरली बहीण माजघरात बाळंत झाली. मूल सुखरूप होते. 'थोडं अंगावरून जातंच,' असे सुईण म्हणत राहिली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिने गावातली निम्मी पोरे सुखरूप हाती दिली होती, आणि तिच्यापाशी डोळ्यांवाचून दुसरे माप नव्हते. बैलगाडी जुंपेपर्यंत सारे आटोपले. सकाळी न्हाणीत भिजलेली लुगडी पडली होती. ती मोजली आम्ही. पाच होती.

पत्राचे उत्तर काल टाकले. लुगड्यांचे लिहिले नाही. त्या दाईला बेळगावची हकीकत, मोडक्यातोडक्या का होईना, तिच्याच भाषेत सांग, असे कळविले. आणि 'दामू'मधला 'मू' दीर्घ लिहावा, हेही.