लस एका घराची नव्हे, साऱ्या गल्लीची

परसात आठ-दहा कोंबड्या असल्या की घरातील गृहिणीच्या हाती चार पैसे खेळतात. अंडी मुलांच्या ताटात जातात, उरलेली शेजारी विकली जातात आणि अडीअडचणीला एखादा कोंबडा वह्या-पुस्तकांचा खर्च भागवून जातो. पण ही पुंजी आठवड्याभरात नाहीशी होऊ शकते. सकाळी खुराडे उघडावे, तर एखादी कोंबडी मान वाकडी करून पडलेली असते, दुसरी चोच उघडून धापा टाकत असते आणि विष्ठा हिरवट, पातळ झालेली असते. हीच मानमोडी.

पशुवैद्यक या रोगाला राणीखेत म्हणतात. १९२० च्या दशकात कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव पडले. हा रोग विषाणूमुळे होतो व त्यावर औषध नाही. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर शंभरातल्या नव्वद कोंबड्याही दगावतात. मात्र लस स्वस्त आहे आणि चांगली आहे. मग कोंबड्या मरतात का?

अडचण बाटलीची

लसीची लहानात लहान बाटलीही बहुधा शंभर पक्ष्यांची असते. द्रावणात मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते, नंतर तिचा उपयोग होत नाही. घरी कोंबड्या आठ आणि लस शंभरांची! साहजिकच ‘पुढे बघू’ म्हणून गोष्ट राहून जाते.

झाशीच्या मानिक चौकासारख्या जुन्या, दाट वस्तीत तर असा विचार आणखी महागात पडतो. भिंतीला भिंत लागलेली असते. एका अंगणातील कोंबडी दुसऱ्या अंगणात दाणे टिपते. रोग विष्ठेतून, चपलांना लागलेल्या घाणीतून आणि बाजारातून आणलेल्या डालग्यातूनही येतो. शेजारणीच्या कोंबड्या सुरक्षित नसतील, तर आपल्यालाही निश्चिंत राहता येत नाही.

म्हणून गल्लीतील दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, वर्गणी काढावी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून लस आणावी. बाटली बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी, उन्हात ठेवू नये. काम भल्या सकाळी उरकावे.

केव्हा द्यावी?

पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकपुडीत घालावा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा द्यावी. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखालील कातडीत टोचतात. ही लस मुक्तेश्वर येथे तयार झालेल्या विषाणूच्या वाणापासून बनते. ती जोरकस असल्यामुळे लहान पिल्लांना कधीही देऊ नये. टोचण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध पाजावे. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत.

उन्हाळ्याची काळजी

झाशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. म्हणून सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात गार पाणी ठेवावे व ते दिवसातून दोनदा बदलावे. खुराड्यावर ओले गोणपाट टाकावे, पण आत हवा खेळती राहू द्यावी. दाणे पहाटे आणि संध्याकाळीच घालावेत. अंड्याची टरफले भाजून, कुटून दाण्यात मिसळल्यास अंड्याचे कवच टणक होते. रात्री मांजर व मुंगूस यांच्यापासून बचाव होण्यासाठी खुराड्याला बारीक जाळी आणि पक्की कडी असावी.

रोग आलाच तर

पहिली कोंबडी मेली की उरलेल्या घाईघाईने बाजारात विकण्याचा मोह होतो. चार पैसे वाचतात खरे, पण रोग दुसऱ्या गल्लीत पोहोचतो आणि तेथील एखाद्या गृहिणीची पुंजी बुडते. तसे करू नये. आजारी पक्षी वेगळे ठेवावेत. मेलेला पक्षी नालीत न फेकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. उघड्या हातांनी त्याला स्पर्श करू नये. एकाएकी बरेच पक्षी दगावल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे, कारण बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच दिसतात. भारतात कोंबड्यांमध्ये तो प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तेव्हा लाखो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या.

बाजारातून नवी तलंग आणली, तर तिला किमान दोन आठवडे वेगळी ठेवावी, मगच कळपात सोडावी. आणि लसीच्या दिवशी ज्या घरी दोनच कोंबड्या आहेत, त्या घरालाही निरोप जरूर पाठवावा. मानमोडी कोंबड्या मोजून येत नाही.