केर, केस आणि यंत्राचे तोंड

घरात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा लांब केसांचे पर्शियन मांजर आले की केर या शब्दाचा अर्थच बदलतो. माती, भाजीची देठे, चपलांबरोबर आलेली खडी हा केर जिथे पडतो तिथेच राहतो आणि केरसुणीच्या दोन फटकाऱ्यांत सुपलीत जातो. गळालेला केस मात्र इतका हलका असतो की केरसुणीच्या आधी तिने ढकललेली हवाच त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि तो उडून कपाटाखाली, दारामागे, दिवाणाच्या पायाशी जाऊन बसतो, जिथे दोन दिवसांत त्याचा मुठीएवढा पुंजका तयार होतो. अशा घरात व्हॅक्यूम क्लीनर घेण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे. पण तो विचार बहुधा चुकीच्या टोकापासून, म्हणजे यंत्राच्या ताकदीपासून सुरू होतो.

व्हॅक्यूम म्हणजे निर्वात, परंतु या यंत्रात खरोखरीचा निर्वात कोठेच नसतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो (पास्कल हे दाब मोजण्याचे एकक, त्याची हजारपट म्हणजे किलोपास्कल), आणि घरगुती वापराचे चांगले यंत्र आतला दाब फार तर वीसेक किलोपास्कलने, म्हणजे एक पंचमांशाने कमी करते. त्या तफावतीमुळे बाहेरची हवा आत धावते आणि वाटेतला केर सोबत घेऊन जाते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला किलोपास्कलचा आकडा बहुधा नळीचे तोंड पूर्ण बंद ठेवून मोजलेला असतो, म्हणजे ज्या क्षणी हवा वाहतच नाही आणि म्हणून एक केसही उचलला जाणार नाही, त्या क्षणीचा तो आकडा असतो. याउलट तोंड सताड उघडे ठेवले तर हवा भरपूर वाहते, पण ओढ उरत नाही. खरे काम या दोन टोकांच्या मध्ये होते, आणि दाबातली घट व हवेचा प्रवाह यांच्या गुणाकारातून निघणारे एअर वॅट हे माप त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणावे लागते. साधे वॅट हे तर विजेच्या खर्चाचे माप, स्वच्छतेचे नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये या यंत्रांवर १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली, आणि उत्पादकांनी मोटर, हवेची वाट आणि जमिनीला टेकणारे तोंड यांची रचना सुधारून त्या मर्यादेत बसणारी यंत्रे काढली. तरीही दुकानात दोन हजार वॅट हा शब्दप्रयोग अजून कौतुकाने उच्चारला जातो.

ताकदीपेक्षा तोंड महत्त्वाचे का, हे या यंत्राच्या वंशावळीतच दिसते. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्लिश अभियंत्याने १९०१ मध्ये हवा ओढून धूळ गोळा करणारे यंत्र तयार केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन येथे एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांनी, धुळीने दमा उसळतो म्हणून, पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःचे यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ते विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या कारखानदाराने विकत घेतले. स्पँग्लर यांच्या यंत्राच्या तोंडात गोल फिरणारा ब्रश होता. बूथचे यंत्र नुसते ओढते, स्पँग्लरचे आधी झाडते आणि मग ओढते. या दुसऱ्या घराण्याची भरभराट भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेल्या घरांत झाली, कारण गालिच्याच्या लवेत रुतलेला केर झोडपल्याशिवाय सुटत नाही. खोक्यावर कुत्र्यामांजराचे चित्र असलेली बरीचशी यंत्रे आणि त्यांच्याविषयीचे बरेचसे सल्ले याच गालिच्याच्या जगातून येतात.

पुण्यामुंबईच्या सदनिकेत किंवा सांगली-साताऱ्याच्या घरात गालिचा नसतो, शहाबादी, कोटा, मोझॅक किंवा गुळगुळीत टाइल असते. अशा फरशीवर राठ तारांचा, वेगाने फिरणारा ब्रश टेकवला की तो केस आत ओढण्याऐवजी मागे भिरकावतो, आणि यंत्र पुढे जात असताना केसांची एक विरळ रांग चालवणाऱ्याच्या पायांवर येऊन पडते. केरसुणीचा दोष विजेवर चालवून पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. फरशीसाठी बूथचे घराणे पुरेसे आहे: रुंद, चपटे, कडेला मऊ तंतूंची झालर असलेले तोंड, किंवा फिरणारेच हवे असेल तर मखमलीसारख्या मऊ कापडाचा रोलर, आणि ब्रश बंद करण्याचे बटण. पावसाळ्यात दमट फरशीला केस चिकटून बसतात, म्हणून त्या दिवसांत आधी पंखा लावून फरशी कोरडी करणे आणि पुसण्याआधी यंत्र फिरवणे बरे. आधी ओले फडके फिरवले तर केसांच्या वळकट्या होतात आणि त्या हातानेच उचलाव्या लागतात.

कापडाची गोष्ट निराळी, आणि केसाळ घरातला खरा झगडा तिथेच असतो. केसाच्या बाहेरच्या आवरणावर सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले आणि सर्वांची टोके शेंड्याकडे वळलेली. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो आणि उलट्या दिशेने अडकतो. रानातून चालताना धोतराला किंवा सलवारीला लागलेले कुसळ जसे पावलागणिक आतच शिरत जाते, तसाच सोफ्यावर पडलेला केस माणसांच्या उठण्याबसण्याने विणीत खोल जातो. लॅब्राडोरसारख्या कुत्र्याला दुहेरी आवरण असते, म्हणजे वर राठ, सरळ केस आणि खाली दाट मऊ लव. राठ केस आखूड आणि ताठ असल्याने सुईसारखे घुसतात, लव सुती सतरंजीला जाळ्यासारखी बिलगते, आणि पॉलिएस्टरच्या कापडावर घर्षणाने निर्माण होणारी स्थिर विद्युत दोन्हींना धरून ठेवते. येथे नुसती ओढ कामाची नाही, स्पँग्लरचा ब्रशच हवा. पण तो वीतभर रुंदीचा, हातात धरून सोफ्यावर, गादीवर, मोटारीच्या आसनावर फिरवता येईल असा. याचे दोन प्रकार मिळतात. एकात ब्रशला स्वतःची छोटी मोटर असते. दुसऱ्यात आत येणाऱ्या हवेनेच पाती फिरतात आणि त्यांच्यामुळे ब्रश फिरतो, त्याला टर्बो ब्रश म्हणतात. टर्बो ब्रश स्वस्त असतो, पण कापडावर जोराने दाबला की हवा अडते आणि तो थांबतो, म्हणून हलक्या हाताचे काम त्याला मानवते. ज्यांचा सोफा रेक्झिनचा आहे त्यांनी हे जोडसाधन न घेता ओलसर फडके वापरावे. आणि ज्यांना यंत्रच घ्यायचे नाही त्यांनी भांडी घासण्याचा रबरी हातमोजा किंचित ओला करून कापडावर एकाच दिशेने ओढून पाहावा, कारण काही महागड्या जोडसाधनांपेक्षा तो खरोखर अधिक केस काढतो.

कोणताही फिरणारा ब्रश केस उचलतो तसे गुंडाळूनही घेतो. दोन-तीन आठवड्यांनी ब्रश काढून पाहिला तर मधल्या भागापेक्षा दोन्ही टोकांना, जिथे तो बेअरिंगवर टेकतो तिथे, केसांची घट्ट करडी कडी तयार झालेली दिसते, आणि तिच्यात कुत्र्याच्या केसांइतकेच घरातल्या बायकांचे लांब केस आणि शिवणाचे दोरे असतात. ती वेळेवर कापली नाही तर बेअरिंग तापते आणि पट्टा तुटतो. म्हणून ब्रश पाना न वापरता निघतो का, आणि त्याच्या दांड्यावर कात्रीचे पाते सरकेल अशी खाच आहे का, हे विकत घेताना पाहावे. मोटरची चर्चा तासभर करणाऱ्या ग्राहकाने या खाचेकडे क्षणभरही पाहू नये, हे नवल आहे.

फरशी आणि कापडानंतर तिसरा प्रश्न हवेचा, म्हणजे यंत्राच्या पोटाचा आणि पाठीचा. मांजरामुळे शिंका येतात तेव्हा दोषी केस नसून त्यावर वाळलेली लाळ आणि कातडीतील तैलग्रंथींचा स्राव असतो. त्यातील फेल डी १ नावाचे प्रथिन अतिसूक्ष्म कणांवर बसून तासन्‌तास हवेत तरंगते. यंत्राने केस पोटात ठेवून हे कण पाठीमागून गरम हवेबरोबर बाहेर सोडले, तर खोली दिसायला स्वच्छ होते आणि श्वासाला अधिक वाईट होते. यासाठी हेपा गाळणी वापरतात. तिचा उगम १९४० च्या दशकातील अमेरिकी अणुबॉम्ब प्रकल्पात, किरणोत्सारी कण अडवण्यासाठी झाला, आणि अमेरिकी मानकाप्रमाणे ती ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. याहून मोठे कण आपल्याच वेगाने तंतूंवर आपटतात आणि याहून लहान कण सैरावैरा हलत तंतूंना चिकटतात, म्हणून या मधल्या आकारावर कसोटी घेतात. मात्र गाळणी उत्तम आणि झाकणाचे रबर ढिले असे असेल तर हवा गाळणीला वळसा घालून निघून जाते; तेव्हा यंत्र चालू करून सांध्यांवरून हात फिरवावा आणि कोठे झुळूक लागते का ते पाहावे.

पिशवीचे यंत्र घ्यावे की पारदर्शक डब्याचे, या वादात डब्याची बाजू बाजारात जड आहे, कारण पिशव्यांचा खर्च नाही आणि गोळा झालेला केर डोळ्यांना दिसतो. डब्यात हवा चक्रवाताप्रमाणे गरगरवून केर कडेला फेकतात. ही पद्धत जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने बनवून घरगुती यंत्रात आणली. धुळीला ती मानवते, पण केसांची लव आतल्या जाळीभोवती नमद्यासारखी लपेटते, ती बोटांनी सोलून काढावी लागते, आणि त्या वेळी जे उडते ते थेट नाकात जाते. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल तर पिशवीचेच यंत्र घ्यावे, मात्र त्या मापाच्या पिशव्या आपल्या गावात मिळतात की नाही हे आधी विचारून. डब्याच्या यंत्रातली धुण्याजोगी गाळणी पूर्ण वाळायला एरवी दिवसभर लागतो, कोकणातल्या जुलैत ती तीन दिवसांतही वाळत नाही, आणि ओलसर बसवली तर यंत्रातून ओल्या कुत्र्याचा वास येतो. तेव्हा दुसरी गाळणी हाताशी असावी. मांजराच्या शौचपेटीतली बेंटोनाइट माती ओढण्याचा मोह टाळावा, तिची पीठासारखी धूळ गाळणी एका फेरीत बुजवते.

बिनतारी यंत्रे उचलायला हलकी असतात, पण पूर्ण जोरावर त्यांची बॅटरी बहुधा दहा मिनिटांच्या आसपास टिकते आणि डबा पेल्याएवढा असतो. केस झडण्याच्या दिवसांत एका खोलीतच तो भरतो. रोबोचे म्हणाल तर टाइलच्या सलग फरशीवर रोज एक फेरी मारायला तो खरोखर उपयोगी आहे, जुन्या घरातला उंबरठा मात्र त्याला ओलांडवत नाही. पिल्लू अजून बाहेर जायला शिकलेले नसेल तर रोबो घाण घरभर सारवून ठेवतो. ही तक्रार इतकी सार्वत्रिक होती की २०२१ मध्ये आयरोबोट कंपनीने एक मॉडेल विष्ठा ओळखून टाळण्याच्या हमीसह बाजारात आणले. आवाजाचाही विचार करावा, कारण माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला ४५,००० आणि मांजराला ६४,००० च्या आसपास. माणसाला जी घरघर वाटते तिच्यात मांजराला किंकाळीही ऐकू येत असेल.

सर्वसाधारण सदनिकेला, या सर्व बाबी लक्षात घेता, चाकांवर ओढत नेण्याचे, तारेचे, मध्यम किमतीचे यंत्र आणि त्यासोबत वीतभर रुंदीचा टर्बो ब्रश ही जोडी पुरते. दुकानात जाताना आपल्या कुत्र्याच्या फणीतून निघालेले मूठभर केस कागदी पुडीत बांधून न्यावेत. अर्धे दुकानाच्या फरशीवर टाकावेत, अर्धे तिथल्या कापडी खुर्चीवर तळव्याने चांगले चोळावेत आणि मग यंत्र चालू करायला सांगावे. विक्रेत्याच्या कपाळाला आठी पडेल, पण खुर्ची त्यालाच साफ करायची असल्याने तो कोणते तोंड जोडतो, ते नीट पाहून घ्यावे.