‘मद्यरहित’ म्हणजे किती रहित?

भोपाळच्या बाजारात ‘मद्यरहित’ बिअरच्या बाटल्या आता सरबताशेजारी दिसू लागल्या आहेत. एखादी गर्भवती भगिनी ‘हे चालेल ना?’ असे विचारील, तेव्हा ‘यात मद्य नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

२०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार मद्यार्क ०.५ टक्क्यांहून अधिक असेल तरच पेय मद्य ठरते. म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सव्वातीन मिलिलिटरपर्यंत मद्यार्क असूनही कायद्याच्या दृष्टीने ते मद्य नव्हे. मात्रा अल्प खरी. परंतु मद्यार्क नाळेतून गर्भापर्यंत पोहोचतो, आणि गर्भावस्थेत त्याची निर्धोक मर्यादा वैद्यकशास्त्राला ठरवता आलेली नाही.

स्तनपानाची गोष्ट थोडी निराळी. दुधातील मद्यार्क आईच्या रक्तातील प्रमाणाबरोबर चढतो व उतरतो. इतक्या अल्प मात्रेने बाळास अपाय होण्याचा संभव फारच कमी. तेथे उगाच भय घालू नये.

गर्भवतीसाठी मात्र लेबलावर ०.० हा आकडा पाहावा; तो नसेल तर पन्हे, ताक किंवा लिंबूसरबत पुढे करावे. तराजूत रतीचा फरक न खपवणाऱ्या व्यापारी बंधूंनी लेबलावरचा दशांशही तितक्याच दक्षतेने वाचावा, ही नम्र विनंती.