इंजिनावरचा आकडा आणि विश्वासाची कसोटी

- खास प्रतिनिधी

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून वायव्येकडे जाणाऱ्या वुडवर्ड मार्गावर दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी हजारो जुन्या मोटारी संथ गतीने धावताना दिसतात. १९९५ साली फर्नडेल या उपनगरात फुटबॉलच्या मैदानासाठी निधी उभारण्याच्या हेतूने सुरू झालेला हा उपक्रम आज जुन्या मोटारींच्या जगातील मोठी जत्रा ठरला आहे. या जत्रेत सर्वाधिक गर्दी जमते ती 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींभोवती. मालक बॉनेट उघडून अभिमानाने उभा असतो आणि जाणकार वाकून इंजिनाच्या एका कोपऱ्यातील बारीक आकडे वाचत असतो. या छंदाचे अर्थकारण आणि त्यापुढील संकट, दोन्ही त्या आकड्यांत दडलेले आहेत.

मसल कारचा जन्मच मुळी पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पॉन्टिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घन इंचांचे इंजिन स्वतंत्र मोटार म्हणून नव्हे, तर ग्राहकाने निवडायचा जादा पर्याय म्हणून देऊ केले. 'जीटीओ' नावाचा हा पर्याय पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून अधिक ग्राहकांनी घेतला. साहजिकच इतर कंपन्याही या शर्यतीत उतरल्या. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले. मात्र त्यानंतर वाढते विम्याचे हप्ते, प्रदूषणविषयक कडक नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे पर्व जेमतेम दहा वर्षांतच आटोपले.

मोटारीचा सातबारा

त्या काळच्या मोटारी आज गंजलेल्या पत्र्यासह कोठारांतून बाहेर काढल्या जातात. त्यांचा सांगाडा उघडा करून, पत्रा कापून-जोडून, इंजिन खोलून त्यांचा जीर्णोद्धार केला जातो. स्पर्धेसाठी सजणाऱ्या मोटारीत तर कारखान्यातील कामगाराने खडूने केलेली खूण आणि रंगकामातील मूळ दोषसुद्धा जसेच्या तसे उतरवले जातात. एवढे करूनही अखेरचा प्रश्न उरतोच : हे इंजिन याच मोटारीचे आहे काय?

जमिनीच्या व्यवहारात जे स्थान सातबाऱ्याचे, तेच येथे ओळख क्रमांकाचे आणि कागदपत्रांचे. इंजिनाच्या ओतकामाची तारीख त्याच्या जुळणीआधीची हवी आणि जुळणीची तारीख मोटार तयार होण्याआधीची. इंजिनावर ठोकलेला आकडा मोटारीच्या क्रमांकाशी जुळायला हवा. क्रायसलर समूहाच्या मोटारीत क्रमांकातील एका अक्षरावरूनच इंजिन कोणते होते ते कळते. शेव्हेलच्या क्रमांकातून मात्र ती 'सुपर स्पोर्ट' होती की साधी, हे १९७० साली कळत नसे. मग आसनाच्या स्प्रिंगांत किंवा इंधनटाकीच्या वर अडकून राहिलेला कारखान्याचा जीर्ण कागद हाच काय तो पुरावा ठरतो.

एवढ्याशा कागदाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर किमतीत आहे. १९७१ सालच्या हेमी इंजिनाच्या अवघ्या ११ प्लायमाउथ कूडा कन्व्हर्टिबल तयार झाल्या. त्यांपैकी एकीवर २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरची बोली लागली. साध्या इंजिनाची तीच मोटार या रकमेच्या जवळपासही पोहोचत नाही. जेथे दोन मोटारींमधील फरक पत्र्यात नसून पुराव्यात असतो, तेथे खोटा पुरावा तयार करणारेही निर्माण होतात. इंजिनाचा पृष्ठभाग घासून जुना आकडा पुसायचा आणि सोयीचा आकडा ठोकायचा, ही त्यातली परिचित युक्ती. म्हणूनच तपासनीस आकड्यांबरोबरच त्यांच्याखालील मूळ यंत्राच्या बारीक रेघा शाबूत आहेत की नाहीत, हेही पाहतात.

कायद्याचा बडगा

या फसवणुकीला आळा घालणारे कायदे आहेत. पण त्यांचा फटका कधी प्रामाणिक मालकालाही बसतो. कॅन्सस राज्यात २०१७ साली नोंदणीसाठी तपासणीला आलेली १९५९ ची एक कॉर्व्हेट पोलिसांनी ताब्यात घेतली. कॉर्व्हेट ही मसल कारची सख्खी नव्हे, पण चुलत बहीण. जीर्णोद्धाराच्या वेळी तिची क्रमांकपट्टी काढून पुन्हा बसवली गेली होती. खरेदीदाराचा त्यात काहीही दोष नव्हता. तरीही तत्कालीन कायद्यानुसार ती मोटार नष्ट करण्याची वेळ आली. प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळले. अखेर २०२२ साली राज्याने कायदा बदलला आणि जीर्णोद्धारासाठी पट्टी काढण्यास मुभा दिली.

भारतातही हा प्रश्न परका नाही. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठे फेरबदल नसावेत, अशी तिची अट आहे. दुरुस्ती कोठे संपते आणि फेरबदल कोठे सुरू होतो, ही सीमारेषा येथेही तितकीच धूसर आहे.

गंजाला आलेला भाव

या पार्श्वभूमीवर बाजाराने दिलेला एक कौल बोलका आहे. 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली सहा हजार डॉलरना घेतली होती. जानेवारी २०२० मध्ये तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली लागली, तीही उडालेल्या रंगासह आणि गंजासह. चित्रपटाची पुण्याई तीत आहेच. पण नवा रंग चढला असता, तर तिच्या अंगावरचा पुरावाही त्याखाली गेला असता. जीर्णोद्धार जितका परिपूर्ण, तितका संशय अधिक, अशी ही विचित्र अवस्था आहे. आज काही मॉडेलचे संपूर्ण सांगाडे नव्याने तयार मिळतात. अशा वेळी हा संशय वाढतच जाणार.

यातून मार्ग दाखवतात ते साधे छंदिष्ट. आपल्या मोटारीला ते उघडपणे 'ट्रिब्यूट', म्हणजे मूळ मॉडेलला वाहिलेली प्रतिकृती म्हणवतात, इंजिन बदलल्याचे स्वतःहून सांगतात आणि ती रस्त्यावर चालवतात. पॉन्टिअॅक, प्लायमाउथ ही नावे बाजारातून केव्हाच गेली. डॉजच्या व्ही-८ चॅलेंजरचे उत्पादनही २०२३ अखेर थांबले. ज्यांनी तारुण्यात या मोटारी चालवल्या, ती पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. पुढच्या पिढीकडे त्या केवळ गुंतवणूक म्हणून गेल्या, तर कुलूपबंद गॅरेजमध्ये पडून राहतील. मेहनत दाखवताना खरेपणाही दाखवणारे मालक उरले, तरच वुडवर्डवरची जत्रा टिकेल. आकडा खोटा ठोकता येतो. पण सगळ्यांसमोर स्वच्छपणे दिलेला मोटारीचा इतिहास सहसा फिरवता येत नाही.