पारावरच्या गप्पा : घोडीबरोबर गेलेले बक्षीस



मार्गशीर्ष लागला की घोड्यांच्या शौकिनांना घरात बसवत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार साऱ्या देशात नावाजलेला आहे. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. तिथे घोडे, गाढवे, गुरे यांचा बाजार भरतो आणि जिल्हा परिषदेचे पशुप्रदर्शनही असते. नंबर निघतात, फेटे बांधतात, हलगी कडकडते. जनावर दमलेले असते आणि मालक फुललेला असतो.

आज बोलायचे आहे ते अशा नंबरात मिळणाऱ्या बक्षिसांविषयी. तुमच्याही घरात एखादे असेलच. फळीवर, कपाटात, नाही तर माळ्यावर धूळ खात पडलेले. आमच्या घरात एका घोडीने चार बक्षिसे आणली. त्यातले एक अजून रोजच्या वापरात आहे. एकात आम्ही खिळे ठेवतो. एक उकिरड्यावर गेले. आणि जे सगळ्यांत कामाचे ठरले, ते आता आमच्याकडे नाही.

घोडीचे नाव चंद्री. अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळे, म्हणजे रंगाने कुमाईत. कपाळावर पांढरा चांदवा, म्हणून चंद्री. आमच्या गावाला तेव्हा एस.टी. येत नव्हती. आबा, म्हणजे माझे आजोबा, आठवड्याचे तीन बाजार या घोडीवर करीत. खोगिरावर बसत आबा, पण पहाटे उठून खरारा करणे, भिजवलेले हरभरे तोबऱ्यात घालणे, खुरातली माती काढणे, हे सारे आजी करी. चंद्री आबांना ओळखायची आणि आजीचे ऐकायची.

१९६६ साली जवळच्या जत्रेत चंद्रीचा पहिला नंबर आला. बक्षीस मिळाली पितळेची घागर. आबा थोडे हिरमुसले. शेजारच्या गावच्या बैलवाल्याला फेटा आणि रोख रुपये मिळाले होते. आबा म्हणाले, "घोडीला घागर? ती काय पाणी भरणार हाय?" आजीने घागर हातात घेतली, बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाली, "अवो, घोडीला न्हाई दिली. मला दिलीया." त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या लक्षात आले की पाच वर्षे चंद्रीला ज्या हाताने घडवले, त्या हातात काहीतरी पडले.

दोन वर्षांनी, १९६८ साली, पुन्हा पहिला नंबर. या वेळी कप. चांगला हातभर उंच, दोन्ही बाजूंना कान, पांढराशुभ्र. माइकवरून 'चांदीचा कप' म्हणून पुकारा झाला. आबांनी तो घोडीच्या पुढ्यात धरून गावातून मिरवला. घरात आल्यावर देवाच्या फळीवर ठेवला. पाहुणा आला की आधी कप दाखवायचा आणि मग चहा. आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती.

पुढच्या साली दुसरा नंबर आला आणि भुश्शाचे एक पोते मिळाले. खाद्य म्हणजे खरे तर घोडीच्या मालकाला यासारखे बक्षीस नाही. पण आजीने पोत्याचे तोंड सोडले, मूठभर भुसा नाकाशी धरला आणि तशीच उकिरड्याकडे चालू लागली. भुशाला बुरशी चढली होती. आबा ओरडले, "अगं, एवढं पोतं!" आजी थांबली नाही. आजीचे ते नाक किती खरे होते हे मला पुढे कळले. गाय-म्हैस रवंथ करते, तिची पचनाची तऱ्हा वेगळी. घोड्याला रवंथ नाही आणि घोड्याला उलटीही करता येत नाही. पोटात गेलेले वाईट बाहेर टाकायला त्याला वाट नसते. बुरशी धरलेला भुसा किंवा मका खाऊन पोटशूळाने घोडे दगावतात, कधी मेंदूवर परिणाम होऊन दगावतात. तेव्हा मंडळी, खाद्य बक्षिसाचे असो की विकतचे, आधी वास घ्या. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात, पण फुकटच्या भुशाचा वास घ्यावाच.

आणि मग १९७० साल. त्या वर्षी तालुक्याला नवे गुरांचे डॉक्टर आले होते. परीक्षक तेच. त्यांनी चंद्रीचे दात पाहिले. मान जिथे पाठीला मिळते, त्या उंचवट्यापर्यंत काठी लावून उंची मोजली. चारी पाय एकेक उचलून खूर ठोकून पाहिले. चालवून पाहिले, पळवून पाहिले. अर्धा तास गेला. पहिला नंबर दिला. आणि बक्षीस काय? एक कागद! समितीजवळ त्या साली पैसे नव्हते. कागदावर डॉक्टरांनी शाईने लिहिले होते : घोडी, वय ९ वर्षे, उंची ५५ इंच, रंग कुमाईत, कपाळावर चांदवा, मागचा डावा पाय गुडघ्याखाली पांढरा, खूर चांगले, पायात व्यंग नाही, चाल चांगली. खाली सही आणि शिक्का.

सारा पार हसला. कुणी म्हणाले, "आबा, चंद्रीला कागद खायला घाला." आबांना ते फार लागले. त्यांनी कागदाची घडी केली आणि ट्रंकेत तळाशी टाकली.

पुढे १९७२ साल आले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही, त्यांना सांगून कळायचे नाही. माणसे खडी फोडायला गेली. रेशनला लाल मिलो मिळाला, पोरांना सुकडी मिळाली. पण घोडीला काय? अशा घोडीला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा तरी लागतो. गावात कडब्याची पेंढी पाहायला मिळेना. आधी बैलजोडीतला एक बैल गेला. मग चंद्रीकडे सगळ्यांचे डोळे वळले.

आबांनी फळीवरचा कप काढला. पंचात बांधून सोनाराकडे नेला. मी बरोबर होतो. सोनाराने कप उलटा केला, बुडाशी कानस फिरवली आणि काही न बोलता आबांपुढे धरला. पांढऱ्याखाली पिवळे दिसत होते. "आबा, नुसतं पाणी चढवलंय हो. मोडीचा भाव येईल, तोबी थोडका." आबांनी कप परत पंचात बांधला. घरी येईतो ते एक शब्द बोलले नाहीत. माणसाने चार वर्षे देवाजवळ ठेवलेली वस्तू अशी निघाली, की तिच्यापेक्षा वाईट वाटते ते पाहुण्यांना दाखवल्याचे.

आजीने घागर पुढे केली. आबा म्हणाले, "ती ठेव. पाणी दोन कोसांवरनं आणतीस, ते कशात आणशील?" मग घोडी विकायचे ठरले.

गिऱ्हाईक आले. व्यापाऱ्याने चंद्रीचा ओठ वर केला आणि मान हलवली. "आबा, म्हातारी झालीया. पंधराच्या फुडं हाय. साडेतीनशे देतो." इथेच घोडे पेंड खाते, मंडळी. घोड्याचे दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांपासून जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर खालच्या दातांवरच्या काळ्या खळग्यांवरून वय सांगता येते. पण आठ वर्षांच्या सुमाराला ते खळगे झिजून जातात. पुढे सगळा अंदाज. विकणारा लबाड असला, तर तापल्या सळईने दातावर खोटी काळी खूण पाडतो. घेणारा लबाड असला, तर अकराच्या घोडीला पंधराची म्हणतो. आणि दुष्काळात विकणाऱ्याचा आवाज चढत नाही.

आजी आत गेली. ट्रंक उपसली आणि तो कागद आणून व्यापाऱ्यापुढे धरला. "वाचता येतं का कुणाला? वाचा." मीच वाचला. दोन वर्षांपूर्वी नऊ, म्हणजे आता अकरा. चांदवा जुळला, मागचा डावा पाय जुळला, सही-शिक्का सरकारी डॉक्टराचा. व्यापारी कागद उलटसुलट पाहत राहिला. शेवटी पाचशेला सौदा झाला. दीडशे रुपये त्या कागदाचे. त्या साली दीडशे रुपयांत आमच्या घराने किती दिवस काढले, ते आजीलाच ठाऊक.

व्यापारी निघाला, तेव्हा आजीने कागद फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "पुन्यांदा इकलीत तर ह्यो कागद तिच्यासंगं द्या. न्हाई तर म्हातारी म्हणून कुनी टाकून देईल." आबा पाठ फिरवून उभे होते.

कागद नसलेल्या जनावराचे काय होते, याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. तिकडच्या घोड्यांच्या प्रदर्शनात पहिल्या नंबराला बहुधा रिबनीचे फूल मिळते. गंमत अशी की, अमेरिकेत पहिल्याला निळे आणि दुसऱ्याला लाल, तर इंग्लंडात पहिल्याला लाल आणि दुसऱ्याला निळे. म्हणजे बक्षीस हातात घेऊन समुद्र ओलांडला की नंबर उतरतो! तर १९५६ साली पेन्सिल्व्हेनियात घोड्यांचा लिलाव होता. हॅरी डी लेयर नावाचा, मूळचा हॉलंडचा, घोडेस्वारी शिकवणारा माणूस तिथे उशिरा पोचला. चांगले घोडे विकले गेले होते. उरलेले खाटकाच्या ट्रकात चढवले होते. त्यात एक पांढुरका, नांगराला जुंपून झिजलेला घोडा होता. त्याची नजर हॅरीला भावली. ८० डॉलरला घेतला, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ३८० रुपयांना. नाव ठेवले स्नोमॅन. पुढे त्याने तो एका शेजाऱ्याला दुप्पट भावाने विकलाही. पण घोडा कुंपणावरून उड्या मारून पुन्हा पुन्हा परत येई. तेव्हा कुठे कळले की हा उडी मारणारा घोडा आहे. हॅरीने तो परत घेतला, शिकवला, आणि १९५८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या राष्ट्रीय प्रदर्शनात नांगराच्या त्या घोड्याने भारी किमतीच्या जातिवंत घोड्यांना मागे टाकले. पुढच्या साली पुन्हा. १९७४ साली तो गेला, तोवर हॅरीने त्याला विकले नाही.

निळे फूल पुढे मिळाले, पण ट्रकातून तो वाचला एका माणसाच्या नजरेमुळे. दर वेळी असा हॅरी भेटत नाही. म्हणून पारखणाऱ्याने जे पाहिले ते लिहून ठेवलेले बरे.

तेव्हा यंदा जनावर घेऊन प्रदर्शनाला जाणार असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. जाण्याआधी घोड्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी करून दाखला जवळ ठेवा. हा रोग माणसालाही होतो, आणि सापडलेले जनावर मारावे लागते. पाण्याची बादली घरची न्या, दुसऱ्याच्या घोड्याबरोबर एका भांड्यात पाणी पाजू नका. नंबर आला तर प्रमाणपत्रावर 'प्रथम क्रमांक' एवढ्यावर भागवू नका. वय, उंची, रंग, खुणा हे सारे लिहून मागा. नंबर नाही आला तर रुसून दोर सोडू नका, परीक्षकाला विचारा, "साहेब, कुठं कमी पडलो?" खूर वाढले होते, की पाय वाकडा पडतो, की अंगात मांस कमी? ते उत्तर पुढच्या वर्षीच्या नंबराचे बियाणे आहे. देवमण आणि भोवरे यांवर भाव चढतो-उतरतो हे खरे, पण खूर चांगला नसला तर देवमण काही ओझे वाहत नाही.

आणि जत्रा समितीच्या मंडळींनाही हात जोडून सांगणे : जे पुकाराल तेच द्या. चांदी म्हणाल तर चांदी द्या, नाही तर पितळ म्हणा, पितळेला आम्ही नावे ठेवणार नाही. आणि फेटा बांधताना एकदा विचारा की या जनावराला रोज खायला कोण घालते. त्यांनाही व्यासपीठावर बोलवा.

आजी-आबा दोघेही गेले. कपाचा पांढरा रंग उडाला, त्यात आम्ही खिळे आणि बिजागऱ्या ठेवतो. घागरीला दोन पोचे आले आहेत, पण माझी सून अजून तिनेच तुळशीला पाणी घालते. कागद कुठल्या दावणीला पोचला, कळले नाही. चंद्रीबरोबर शेवटपर्यंत राहिला असला, म्हणजे झाले.

आता उठतो. गोठ्यात हाका चालल्या आहेत. रामराम.