हात मातीत घाला, मे महिन्यातच!

पहिला पाऊस पडला रे पडला की पुण्या-मुंबईतल्या तमाम तरुण नोकरदारांना दोन गोष्टी आठवतात. एक कांदाभजी आणि दुसरी नर्सरी. भज्यांचं ठीक आहे, तळली की लगेच खाता येतात. नर्सरीतल्या मिरचीच्या रोपाचं तसं नसतं. शनिवारी हौसेनं आणलेलं रोप गेल्या वर्षीच्या दगड झालेल्या मातीत खोचलं जातं, आठ दिवस बरं दिसतं आणि महिनाभरात मान टाकतं. मग 'आपल्या हाताला गुणच नाही' असं जाहीर करून आपण मोकळे! बिचाऱ्या हाताचा काय दोष? चुकलेलं असतं ते कॅलेंडर. पावसाळी भाज्यांचा सीझन दिसतो जूनमध्ये, पण सुरू होतो मे महिन्यात.

शेतकरी उन्हाळ्यातच नांगरट करून जमीन तापू देतो आणि मग मृगाची वाट बघतो, ते उगीच नाही. बाल्कनीतल्या आठ कुंड्यांनाही तोच नियम. शिवाय पाऊस काही आपली अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये स्वारी २६ मे रोजीच हजर झाली होती. तेव्हा 'जूनच्या पहिल्या वीकएण्डला बघू' हा प्लॅन कॅन्सल. येत्या दोन रविवारच्या सकाळी राखून ठेवा.

पहिला रविवार रिकामं करण्याचा. सगळ्या जुन्या कुंड्या जाड प्लॅस्टिकवर उपड्या करा. ढेकळं फोडा, जुनी मुळं काढून टाका. अर्धवर्तुळासारख्या वळलेल्या पांढऱ्या, जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी. रोपाची मुळं कुरतडणारी हीच बया, वेचून बाहेर काढा. मग माती चार-पाच दिवस कडक उन्हात पसरून ठेवा. ज्या उन्हाला आपण दिवसभर शिव्या घालतो, ते निदान एवढ्या कामाला तरी येऊ दे. कुंडीच्या तळाची बुजलेली भोकंही आत्ताच मोकळी करा. पावसाळ्यात कुंडीतली झाडं तहानेपेक्षा तुंबलेल्या पाण्यानंच जास्त मरतात.

दुसरा रविवार भरण्याचा. एक भाग तापलेली माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा चुरलेला वाळका पालापाचोळा. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. निव्वळ मातीनं कुंडी भरायचा मोह टाळा. एक घनफूट ओली माती ४५-५० किलो भरते. अशा दहा कुंड्या म्हणजे बाल्कनीत सात माणसं कायमची मुक्कामाला! स्लॅबची आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची काळजी असेल, तर मोठ्या कुंडीचा खालचा तिसरा हिस्सा उसाच्या चिपाडांनी भरा. सध्या कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती चालू आहे, मागितली तर चिपाडं मिळतात. दोन-चार दिवस वाळवून मगच टाका, नाहीतर मुंग्यांची पार्टी ठरलेली. चिपाड कुजेल तशी कुंडीतली पातळी खाली जाईल, तेव्हा वरून खत घालत राहायचं.

हे काही नवं फॅड नाही बरं का. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी पालापाचोळ्यापासून कसदार माती करण्याचा विचार 'प्रयोग परिवारा'मार्फत गावोगावी नेला. २००२ च्या सुमारास प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर तोच धागा पकडला. किचनमधला ओला कचरा गच्चीवरच मुरवून त्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवल्या.

ओला कचरा म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत नेऊन टाकला जात होता. दुर्गंधीला आणि विहिरींच्या खराब झालेल्या पाण्याला विटून तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या गाड्यांत काय असायचं? आपल्याच घरातली कोथिंबिरीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. म्हणजे आपल्या कुंडीचं जेवण आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं आणि मग नर्सरीतून खताची पिशवी पैसे मोजून आणायची. हा कुठला हिशेब?

हिशेब सुधारायला भोकं पाडलेली एक झाकणाची बादली पुरते. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर त्याच्या दुप्पट वाळका पाला, सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. आठवड्यातून दोनदा हलवायचं. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा आणि वाळका पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. त्यामुळे आत्ताच्या भरणीसाठी विकत आणावं लागेल, पण जुलैतला खुराक घरचा!

'पण आम्ही तर भाड्यानं राहतो!' ठाऊक आहे. अकरा महिन्यांचा करार, पुढच्या वर्षी कुठल्या एरियात असू पत्ता नाही. पण भाज्यांना एवढा वेळ लागतोच कुठे? माठ महिन्याभरात खुडायला येतो, भेंडी आणि गवार दीड-दोन महिन्यांत. ग्रो बॅग्ज घेतल्या तर सामान हलवताना घडी करून बॅगेत टाकता येतात. माती मात्र तिथेच ठेवावी लागली, तर सोसायटीच्या एखाद्या झाडाला घाला. दुवा देईल.

काय लावायचं ते बाल्कनीतल्या उन्हाला विचारा. पाच-सहा तास ऊन असेल तर भेंडी, गवार, दोडका, कारलं थेट कुंडीत पेरा. वेलांना जाळीचा आधार आधीच बांधून ठेवा. तीन-चार तासच असेल तर पालेभाज्या, त्याहून कमी असेल तर अळू. मिरची-वांग्याचं बी आत्ताच पसरट ट्रेमध्ये टाका, पाच-सहा आठवड्यांत रोपं लावणीला येतील. मेथी-कोथिंबीर मुसळधार पावसात सडते, ती छपराखाली हवी. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं, हात साबणानं धुवा. आणि कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा न चुकता पालथ्या करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता शेवटची परीक्षा. तयार माती किंचित ओली करून मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर खत कमी पडलंय, फुटलाच नाही तर पाला. दोन्ही जमलं की तुमची माती पास. मग पाऊस २६ मेला येऊ दे नाहीतर ११ जूनला.